टोकियोतली सही

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली रात्र. चिवड्याचे पोहे भाजून परातीत गार करायला ठेवले होते, घरभर कढीपत्त्याचा आणि तळलेल्या खोबऱ्याचा वास भरला होता, आणि ओट्यावरच्या फोनवर पाच मिनिटांच्या अंतराने दोन गोष्टी आल्या. पहिली भाचीकडून. ती सातारा जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारांवर, उगवणाऱ्या कंदीलपुष्पांवर तिचा प्रकल्प आहे. तिने स्क्रीनचा फोटो पाठवला होता. शोधनिबंध फुकट उघडून देणाऱ्या एका साइटच्या जागी कोरं पांढरं पान आणि त्यावर इंग्रजीत एकच सरकारी ओळ, की आदेशानुसार हे संकेतस्थळ बंद केलं आहे. खाली तिचा निरोप: "मावशी, तुझ्या ओळखीत बाहेरच्या युनिव्हर्सिटीत कुणी आहे का गं? हा एकच लेख हवाय. विकत घ्यायला चाळीस डॉलर मागतायत." चाळीस डॉलर म्हणजे साडेतीन हजार रुपये. ती राहते त्या खोलीचं महिन्याचं भाडंही तेवढं नाही.

दुसरी गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर आली. एक पीडीएफ. उघडली तर माझ्या मामांचा दिवाळी अंक. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, २१२ पानं, कुणीतरी एकेक करून फोनवर फोटो काढून जोडलेली. अनुक्रमणिकेच्या कोपऱ्यात पान दाबून धरणारा अंगठा दिसत होता. वर लिहिलं होतं, "साहित्यिक फराळ, अगदी मोफत. पुढे पाठवा." त्याखाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, लाल बदाम. मी लिहायला घेतलं की हा अंक माझे मामा काढतात, कृपया विकत घ्या. लिहिलं, वाचलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. कारण त्याच फोनवर, एका बोटाच्या अंतरावर, भाची मला एक कुलूपबंद लेख कुठूनतरी मिळवून द्यायला सांगत होती, आणि मी तिला "बघते, देते" असं एव्हाना कळवलंसुद्धा होतं.

त्या रात्री मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. तेच मनात रुतून बसलं.

मामांचा अंक सांगलीत निघतो. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर एक खोली, तिथे लोखंडी कपाट, दोन टेबलं, भिंतीला टेकवून ठेवलेले गेल्या वीस वर्षांचे गठ्ठे. खोलीला शाईचा, खळीचा आणि ओल धरलेल्या कागदाचा मिळून एक वास आहे, तो मला डोळे बांधूनही ओळखता येईल. आठशे प्रती छापतात. पतसंस्था, दूध संघ, एखादा सराफ यांच्या जाहिरातींवर कागदाचा खर्च निघतो, बाकी विक्रीवर. जूनपासून मुद्रितं तपासायला बसतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्या वर्षीही भिंग घेऊन बसले. लेखकांना मानधन देतातच. पाचशे असो, हजार असो, पाकिटात घालून, वर स्वतःच्या अक्षरात "सप्रेम" लिहून. "फुकट लिहून घ्यायचं आणि अंक विकायचा, हे मला जमणार नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तेव्हा फुकट पीडीएफ म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ती आठशेतल्या किती प्रती खाते, हे मामांच्या टेबलावरच्या उरलेल्या गठ्ठ्यावरून दिसतं.

तरीही भाचीचा तो फोटो पाहून माझ्या अंगावर जी शिरशिरी आली ती वेगळी होती, आणि जुनी होती. तिला कोळशाच्या धुराचा वास होता.

२०१० च्या सप्टेंबरात कंपनीने मला क्राकुफला पाठवलं. तीन वर्षं राहिले. दक्षिण पोलंडमधलं हे शहर हिवाळ्यात धुरात बुडायचं. तेव्हा घराघरांत कोळशाच्या शेगड्या होत्या, सकाळी खिडकी उघडली की घशात खवखव सुरू व्हायची. माझी घरमालकीण सत्तरीची होती. पोलिशमध्ये बाईला आदराने "पानी" म्हणतात. मी तिला पानीच म्हणायचे, आणि आईला फोनवर सांगताना "आमच्या पानीबाई" म्हणायचे. पानीबाई एकट्या राहत. संध्याकाळी टीव्ही लावून विणत बसत. परदेशी सिनेमा लागला की मला नवल वाटायचं: नायक, नायिका, खलनायक, लहान मूल, सगळ्यांचं बोलणं एकच पुरुष एकाच सपाट आवाजात पोलिशमध्ये वाचून दाखवत असे, आणि खाली मूळ आवाज दबकत चालू असे. तिथली ती रीतच आहे. माझ्या टीममधल्या एका मुलाला हे अजिबात सोसायचं नाही. तो आणि त्याचे दोस्त परदेशी मालिकांची पोलिश उपशीर्षकं स्वतः तयार करायचे, रात्र रात्र जागून, एका पैशाची अपेक्षा न ठेवता. एकदा डबा खाताना त्याने सांगितलं की २००७ च्या मे महिन्यात असंच काम करणाऱ्या नऊ जणांना पोलिसांनी पहाटे घरातून उचललं होतं. त्यांच्या साइटचा सर्व्हर जर्मनीत होता, म्हणून दोन देशांच्या पोलिसांनी मिळून ती बंद पाडली. "सिनेमा नाही चोरला त्यांनी," तो म्हणाला, "फक्त भाषांतर केलं." हे सांगताना त्याने आवाज उगाचच खाली आणला होता.

मग २०१२ चा जानेवारी उजाडला. १८ तारखेला इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास काळा राहिला. इंटरनेटवरच्या नकला रोखण्यासाठी अमेरिकेत येऊ घातलेल्या सोपा आणि पिपा या दोन विधेयकांविरुद्ध. ती विधेयकं तिकडची, पण त्यांचा रोख होता परदेशी साइट्सवर. आमच्या ऑफिसात सगळे त्याबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, अमेरिकेचं सोडा, आपल्या सरकारने ॲक्टावर सही करायचं ठरवलंय, २६ तारखेला, टोकियोत. खोली एकदम शांत झाली. ॲक्टा म्हणजे अँटी-काउंटरफीटिंग ट्रेड ॲग्रीमेंट, बनावट मालाविरुद्धचा करार. नावाला खोट्या हँडबॅगा आणि खोटी औषधं अडवण्यासाठी. आत मात्र इंटरनेटवरच्या नकलांचं एक अख्खं प्रकरण होतं. २००८ पासून वाटाघाटी चालू होत्या, बंद दाराआड. लोकांना पहिल्यांदा काही कळलं ते फुटलेल्या कागदांतून, आणि अधिकृत मसुदा बाहेर आला तो थेट २०१० च्या एप्रिलमध्ये. टेबलाभोवती अमेरिका, जपान, युरोपीय संघ, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड असे मोजके देश. भारत नव्हता, चीन नव्हता, ब्राझील नव्हता. म्हणजे नियम ज्यांच्यापर्यंत पोचावेत म्हणून लिहिले जात होते, त्यांतले बरेचसे लोक त्या खोलीतच नव्हते.

एक तपशील मी त्या दिवसांत ऐकला आणि तो आजतागायत डोक्यातून गेलेला नाही. युरोपीय संघाच्या मंत्रिमंडळाने या कराराला मान्यता दिली ती २०११ च्या डिसेंबरात, शेती आणि मच्छीमारीच्या बैठकीत. कार्यक्रमपत्रिकेवर चर्चेविना संमत करायच्या विषयांत तो बसवला होता, आणि तेव्हा संघाचं अध्यक्षपद पोलंडकडेच होतं. नियमात ते बसत असेलही. पण पानीबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या विणायच्या सुया थांबल्या. "मासे," त्या म्हणाल्या. एवढंच. मग बऱ्याच वेळाने, "कराराचा कागद आहे तुझ्याकडे?" मी ऑफिसातून छापून आणला. त्या भिंग घेऊन वाचत बसल्या आणि एका ठिकाणी बोट ठेवलं: थेट किंवा अप्रत्यक्ष आर्थिक फायद्यासाठी. "हा अप्रत्यक्ष शब्द बघ," त्या म्हणाल्या. "असे शब्द मी टाइप केले आहेत. पोलिसांना फार आवडतात."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. ऐंशीच्या दशकात त्या नोव्हा हुताच्या पोलाद कारखान्यात कचेरीत टंकलेखक होत्या. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाला, त्यानंतर दिवसा कारखान्याचे अहवाल आणि रात्री घरी स्टेन्सिल. बंदी असलेली पत्रकं, कविता, पॅरिसहून कपड्यांखाली लपवून आणलेल्या पुस्तकांची पानं. नवऱ्याने धुलाईयंत्राच्या पिळणीचे रूळ काढून त्यांचं छापयंत्र केलं होतं. शाईत कपडे धुण्याची पेस्ट मिसळायची. छापाई न्हाणीघरात, नळ मोठा सोडून, म्हणजे शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये. या छुप्या छपाईला ते लोक "द्रुगी ओब्येग" म्हणत, दुसरा फेरा. सरकारी छापखान्यातून फिरतो तो पहिला, हातोहात फिरतो तो दुसरा. कागद इतका पातळ असे की त्याला टिपकागदाचंच नाव पडलं होतं. त्यांच्याकडे एक पान अजून होतं, बायबलमध्ये जपून ठेवलेलं. मी ते हातात घेतलं. अक्षरं जांभळट, फुटलेली, मागच्या बाजूने उमटलेली. मला एकदम आमच्या मामांची खोली आठवली, तोच ओलसर वास. मी विचारलं, "त्या लेखकांना पैसे मिळायचे?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "क्वचित कधी," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण त्यांची पुस्तकं मी छापली नसती तर ती तिथेच मेली असती."

दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या, एकीने दुसरी खोडून न काढता.

२५ जानेवारीच्या संध्याकाळी मी ऑफिसातल्या पोरांबरोबर रिनेक ग्वूव्हनीवर गेले, शहराच्या मधल्या चौकात. मोर्च्याला जायचा माझा विचार नव्हता. परक्या देशात, व्हिसावर, आपण कशाला. पण ट्रामच रिकामी होत होती ती चौकापाशी. थंडी हिमांकाखालची, श्वासाची वाफ पिवळ्या दिव्यांत दिसत होती, खसखस लावलेली गोल पावाची कडी विकणारी बाई गाडा आवरायचं विसरून बघत उभी होती. बातम्यांत आकडा आला पंधरा हजारांचा. मला आकडा दिसला नाही, टोप्या दिसल्या. लोकरीच्या टोप्याच टोप्या, आणि त्याखाली सोळा-सतरा वर्षांचे चेहरे. पुढाऱ्यांचे झेंडे नव्हते. पुठ्ठ्यांवर घरी रंगवलेले फलक होते, तोंडावर पांढरे मुखवटे होते, आणि एक घोषणा होती जी मी जन्मभर विसरणार नाही: "क्तो न्ये स्काचे, तेन झा ॲक्टा!" जो उडी मारणार नाही, तो ॲक्टाच्या बाजूचा. आणि पंधरा हजार लोक उड्या मारत होते. थंडीही पळत होती आणि फरसबंदी चौकात भूकंपासारखा धप् धप् आवाज घुमत होता. तेवढ्यात तासाचे ठोके पडले आणि मारियाच्या चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजली. ती धून रोज, तासातासाला, मधेच तुटते; शत्रू येताना पाहून इशारा देणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला अशी तिची कथा सांगतात. ती तुटली तेव्हा चौक क्षणभर गप्प झाला. मग पुन्हा घोषणा.

मीही उडी मारली.

दुसऱ्या दिवशी तरीही सही झाली. पोलंडसह युरोपीय संघातल्या बावीस देशांच्या प्रतिनिधींनी टोकियोत सह्या केल्या. त्याच दिवशी वॉर्साच्या संसदेत काही खासदार तोंडावर ते पांढरे मुखवटे धरून उभे राहिले, आणि युरोपीय संसदेत ज्यांच्याकडे या कराराची छाननी सोपवली होती त्या कादेर आरिफ यांनी राजीनामा दिला. ज्या प्रकारे लोकांना बाहेर ठेवून हे सगळं रेटलं गेलं त्याचा त्यांनी जाहीर निषेध केला. पण माझ्या मनात राहिली ती वेगळीच बाई. स्लोव्हेनियाच्या जपानमधल्या राजदूत हेलेना द्रनोव्हशेक झोर्को. त्यांनीही सही केली होती, वरून आलेल्या सूचनेप्रमाणे. मग घरी लोकांची पत्रं यायला लागली आणि थोड्याच दिवसांत त्यांनी जाहीर पत्र लिहून आपल्या मुलांची आणि देशाची माफी मागितली. त्यांचं म्हणणं असं होतं की ही सही आपल्या हातून नागरिक म्हणून झालेल्या निष्काळजीपणामुळे झाली. समोर आलेला कागद आणि आपल्याला स्वतःला पटत नसलेला करार हे एकच आहेत, हे आपण नीट ध्यानातच घेतलं नाही. आणि ल्युब्लियानात होणाऱ्या निदर्शनांना जा, असं त्यांनीच लोकांना सांगितलं. मी हे पत्र कितीदा वाचलं असेन! सरकारी अधिकाऱ्याने "मी लक्ष दिलं नाही" असं म्हणणं. आपल्याकडच्या किती कागदांवर अशा सह्या असतील, आणि त्यांतल्या किती जणांना नंतर झोप लागली नसेल.

पुढचं भराभर घडलं. ३ फेब्रुवारीला पोलंडचे पंतप्रधान दोनाल्द तुस्क यांनी मंजुरीची प्रक्रिया थांबवली. ११ फेब्रुवारीला युरोपभर मोर्चे निघाले, सोफियापासून म्युनिकपर्यंत. वीस लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. आणि ४ जुलै २०१२ ला युरोपीय संसदेने करार फेटाळला: विरोधात ४७८, बाजूने ३९, तटस्थ १६५. त्या संध्याकाळी टीममधल्या त्या उपशीर्षकवाल्या मुलाने ऑफिसात चेरीचा केक आणला. पानीबाईंसाठी मी एक तुकडा रुमालात बांधून नेला. त्यांनी तो खाल्ला, रुमाल धुऊन परत दिला आणि विणायला बसल्या.

या सगळ्यात आपला देश कुठे होता, हे मला तेव्हा आईच्या औषधाच्या डब्यातून कळलं. आई रक्तदाबासाठी लोसार्टनची गोळी घेते. २००८ च्या डिसेंबरात याच औषधाचा एक साठा भारतातून ब्राझीलला निघाला होता, वाटेत नेदरलँड्समधून पुढे जायचा होता. तिथल्या कस्टम्सने तो अडकवून ठेवला, कारण नेदरलँड्समध्ये त्या औषधावर कुणाचं तरी पेटंट होतं. भारतात नव्हतं, ब्राझीलमध्ये नव्हतं. माल नेदरलँड्समध्ये विकायचाही नव्हता. तो शेवटी भारतात परत आला. २०१० मध्ये भारत आणि ब्राझील दोघांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली, आणि त्याच वर्षी तिथे भारताने ॲक्टाविरुद्धही आवाज उठवला: ज्या नियमांना आपण संमती दिलेली नाही ते वाटेवरच्या नाक्यांवर आपल्याला लागू होणार, हे चालणार नाही. कराराच्या शेवटच्या मसुद्यातून सीमेवरच्या तपासणीपुरतं पेटंट वगळलं गेलं. पण नाक्यावरच्या माणसाला जास्त अधिकार मिळाला की तो कुणावर चालतो, हे आपण अनुभवलं होतं.

ॲक्टा फेटाळला गेला त्या २०१२ मध्येच इंग्लंडमध्ये एक आई लढत होती. तिचा मुलगा शेफिल्डला विद्यार्थी होता. त्याने एक साइट चालवली, जिच्यावर दुसरीकडे ठेवलेल्या सिनेमांचे दुवे होते. सर्व्हर अमेरिकेत नव्हता, मुलगा अमेरिकेत राहत नव्हता, पण साइटचं नाव डॉट नेटने संपत होतं, आणि अमेरिकेने त्याला आपल्याकडे सोपवा अशी मागणी केली. २०१२ च्या मार्चमध्ये ब्रिटिश गृहमंत्र्यांनी होकारही दिला. अडीच लाखांच्या वर लोकांनी त्या विरोधात सह्या केल्या आणि वर्ष संपता संपता वीस हजार पौंड भरून प्रकरण मिटलं. त्या मुलाने जाहिरातींतून पैसे कमावले होते. तो अगदी निर्दोष होता असं मला वाटत नाही. पण त्याच्या गावच्या न्यायाधीशाने त्याला त्याच्या गावात काय ते विचारावं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. आईचा फोटो पेपरात पाहिला होता, दमलेली, केस विस्कटलेले. कुठल्याही कोर्टाबाहेर उभ्या असलेल्या बाईसारखी.

भारतात असे मोर्चे निघाले नाहीत. भाचीच्या पांढऱ्या पानामागची हकिकत कोर्टात, फायलींत घडली. २०२० च्या डिसेंबरात एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या परदेशी प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात साय-हब आणि लिबजेनविरुद्ध दावा लावला. साय-हब ही कझाकस्तानच्या एका तरुण बाईने २०११ मध्ये सुरू केलेली साइट. कुलूपबंद शोधनिबंध ती फुकट उघडून देत असे; लिबजेनही त्याच जातीची. इथल्या शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी कोर्टात धाव घेतली, आमचंही ऐका म्हणून अर्ज केले. आम्हीच लिहितो, आम्हीच एकमेकांचे निबंध तपासतो, त्याचे पैसे आम्हाला मिळत नाहीत, आणि वाचायला मात्र विकत घ्यावं लागतं, हे त्यांचं दुखणं. साडेचार वर्षं उलटून गेल्यावर, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, साय-हब बंद करण्याचा आदेश निघाला. मधल्या काळात सरकारने एक देश, एक वर्गणी ही योजना आणली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटींची, तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं. चांगली आहे. माझ्या मैत्रिणीच्या सरकारी कॉलेजात तिचा उपयोग होतो हे मी स्वतः बघितलं आहे. पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांपुरती आहे. भाचीचं कॉलेज त्यात नाही. तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारी दोनला दिवे घालवतात.

आणि तिला हवा होता तो लेख कशावर होता? सह्याद्रीच्या सड्यावरच्या कंदीलपुष्पावर. ती जिथे पावसात गुडघ्यावर बसून फुलं मोजते, तिथून चार डोंगर पलीकडच्या फुलांवर. लिहिणाऱ्या पाच जणांतले तिघे भारतातल्या संस्थांमधले, तळटीपेत सरकारी अनुदानाचे आभार. सड्यावरचं फूल, सरकारचा पैसा, आणि कुलूप समुद्रापलीकडचं. हे मला कितीही शांतपणे मांडायचं म्हटलं तरी मांडता येत नाही.

मात्र मामांच्या खोलीतला उरलेला गठ्ठाही खोटा नाही. क्राकुफच्या चौकात "सगळं फुकट हवं" असं म्हणणारी पोरंही होती, आणि तेव्हा मला त्यांच्या शेजारी उड्या मारताना मामांची आठवण झाली नाही, याचं आज वाईट वाटतं. मी पुष्कळदा विचार करून पाहिला: ॲक्टा मंजूर झाला असता तर मामांचा अंक वाचला असता का? सोसायटीतल्या त्या अंगठ्यापर्यंत टोकियोतला करार पोचला असता का? नाही. मामांसाठी कुणी टोकियोला जात नाही. त्या खोलीत ज्यांना खुर्ची होती त्यांच्याकडे वकिलांच्या फौजा होत्या. मामांकडे पाकिटं आहेत, "सप्रेम" लिहिलेली. भाची आणि मामा एकमेकांच्या समोर उभे आहेत असं त्या रात्री ओट्यापाशी मला वाटलं होतं. ते एकाच बंद दाराबाहेर उभे होते, हे ध्यानात यायला मला चार दिवस लागले.

भाचीला मी सांगितलं, बाहेरच्या कुणाला शोधण्यापेक्षा लेखाच्या पहिल्या पानावर ज्यांचा ईमेल दिलाय त्यांनाच लिही. सारांश वाचायला पैसे लागत नाहीत, तिथे पत्ता असतो. ती घाबरत होती. एवढ्या मोठ्या सरांना कसं लिहायचं. लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उत्तर आलं, लेख जोडलेला, आणि त्याच विषयावरचे आणखी दोन न मागता. कुठल्या सड्यावर जातेस, फुलं कधी दिसली, असं त्यांनीच उलट विचारलं होतं.

ग्रुपवर मी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी लिहिलं. अंकाचं नाव, किंमत, मामांचा पत्ता, आणि हा अंक कसा निघतो त्याच्या चार ओळी. पीडीएफ पाठवणाऱ्या काकांनी ती काढून टाकली आणि संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, लोक वाचतील तेवढंच." दोन घरांनी अंक मागवले.

भाऊबीजेला सगळे सांगलीत जमलो. जेवणं झाल्यावर मामा नेहमीसारखे खोलीत जाऊन बसले, मागोमाग मी आणि भाची. पीडीएफचं त्यांना केव्हाच कळलेलं होतं. तिघांनी कौतुकाने त्यांनाच पाठवली होती. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "दोनशे बारा पानं. फोटो काढायला तीन तास तरी बसला असेल तो माणूस. मला एक फोन केला असता तर अंक पाठवला असता." मग भाचीला म्हणाले, "तुझा तो लेख मिळाला का?" तिने फोन दाखवला. बारीक अक्षर, दोन रकाने. "ह्याच्यावर वाचतेस? डोळे जातील." त्यांनी टेबलाखालचं छापायचं यंत्र ओढून सुरू केलं. अंकाचा उरलेला किंचित पिवळसर कागद त्यात घातला. चौदा पानं हळूहळू बाहेर येत राहिली, गरम, शाईच्या वासाची. चौथ्या पानावर फुलाचं चित्र होतं, कंदिलासारखं, काळ्या-पांढऱ्यात. मामांनी ते दिव्याखाली धरलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"हे आपल्याकडचं?"

"सड्यावरचं, आजोबा. श्रावणात फुलतं."

त्यांनी पानं जुळवली, टाचणी मारली, तिच्या हातात दिली. मग कपाटातून आणखी चौदा कोरे कागद मोजून काढले.

"एक प्रत मला राहू दे," म्हणाले, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.